पहिल्या हाकेला

"दार कुठं हाय?" मी विचारलं.

मामीजींच्या दातांत सुतळी होती. ती त्यांनी सावकाश बाहेर काढली आणि माझ्याकडं पाहिलं. मामीजी म्हणजे माझ्या सासूबाई. लग्न होऊन पंधरवडाही झाला नव्हता, पण त्यांच्या या पाहण्याची मला चांगली ओळख झाली होती.

"कायचं दार?"

"याचं." मी ताडपत्रीकडं बोट केलं.

"चारी आंगानं दारच हाय. जिकून वाटन तिकून घूस."

त्या बोलल्या खऱ्या, पण त्यातले निम्मे शब्द नुसती हवा होती. दिवसभर वाडीवरची वानरं आणि पाखरं हाकलून त्यांचा घसा पार बसला होता. आवाज नसतानाही टोमणा बरोबर पोचवायची कला त्यांच्याकडं होती.

आम्ही वर्धा नदीच्या पात्रात उभे होतो. मे महिना होता. माझ्या सासरी उन्हाळ्यात नदी आटली की वाळूत चर खणून, त्यात शेणखत घालून कलिंगडं, डांगरं आणि काकड्या लावतात. तिला डांगरवाडी म्हणतात. फळ पिकायला आलं की कोल्हे आणि रानडुकरं रात्रीत वाडीचा फडशा पाडतात, म्हणून घरची माणसं नदीतच झोपायला येतात. घर म्हणजे बेचक्याच्या दोन थुण्या, त्यांच्यावर एक आडवा बांबू आणि बांबूवरून टाकलेली ट्रकची जुनी ताडपत्री. वाळूत खुंटी टिकत नाही, म्हणून पोत्यांत वाळू भरून ती पोती गाडायची आणि त्यांना दोर बांधायचे. मी दुपारपासून पोती गाडत होते. नखांत, केसांत, दातांत वाळू झाली होती.

माझे वडील एसटीत कंडक्टर. वरोऱ्याला आमचं दोन खोल्यांचं स्लॅबचं घर. रात्री आई दाराला कडी लावायची, वडील उठून ती लागली की नाही ते पाहायचे, आणि त्या दोघांवर विश्वास नाही म्हणून मी पुन्हा एकदा उठून पाहायची. अशी मी. उघड्यावर झोपणं सोडाच, मी कधी गच्चीवरही झोपले नव्हते. सासरच्यांची डांगरवाडी आहे हे लग्नाआधी कळलं होतं. त्या वाडीवर रात्री माणसं झोपतात, आणि त्या माणसांत नवी सून मोजतात, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

"भेव लागते काय?" मामीजींनी विचारलं.

"नाही."

"लागलं पायजे. नदीत भेव नसलेलं मानूस बावळट."

तेवढ्यात श्रावण डोक्यावर गवताचा भारा घेऊन आले. आज मी त्यांचं नाव बिनदिक्कत लिहिते आहे, पण तेव्हा ते माझ्या तोंडून निघत नव्हतं. बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मी त्यांना 'अवो' म्हणायची. ते मला काहीच म्हणत नसत. कारण ते बोलतच नसत. भारा खाली टाकला, ताडपत्रीचे दोर एकेक ओढून पाहिले, आणि उत्तरेकडं तोंड करून उभे राहिले. तिकडं लांब आभाळाच्या कडेला वीज चमकत होती. आवाज येत नव्हता, इतकी ती दूर होती.

"वर पानी पडून रायलं," मामीजी म्हणाल्या. "अवकाळी."

श्रावणनं मान हलवली.

"इथं येईन काय पानी?" मी विचारलं.

यावर श्रावणनं खांदे उडवले आणि ते काकड्या तोडायला निघून गेले. दिवसभरातला आमचा तो एवढाच संवाद.

या मुकेपणाची एक गोष्ट आहे. मला पाहायला आले तेव्हा हा माणूस पोहे खाऊन, चहा पिऊन, एक शब्द न बोलता निघून गेला. मी आईला म्हटलं, मुका तर नाही ना? आई म्हणाली, बोलणाऱ्यांनी काय दिवे लावले. मग लग्नाच्या मांडवात बायकांनी नाव घ्यायचा आग्रह धरला. नाव घेणं म्हणजे उखाणा. तेवढ्यापुरतं नवऱ्याचं नाव तोंडातून काढायला परवानगी. सगळ्या पोरी चांदीच्या ताटाचं आणि मोत्यांच्या हाराचं काही तरी पाठ करून येतात. माझ्या जिभेला लहानपणापासून हाड नाही. मी कंडक्टरच्या पोरीला शोभेल अशा आवाजात म्हटलं,

"दहा दहा तोंडांनी बोले लंकेचा रावण,
एकच तोंड, तेही मुकं, असे माझे श्रावण."

माझ्या मैत्रिणी खदखदून हसल्या. सासरच्या बाजूनं मात्र कुणी हूं की चूं केलं नाही. शुभकार्यात रावण आणला, आणि वर नवऱ्याला मुका म्हणाली. मामीजींनी हातातल्या अक्षता ताटात परत टाकल्या. श्रावण खाली पाहत होते. त्यांना राग आला की हसू, ते मला दिसलं नाही, आणि नंतरही कळलं नाही. त्या दिवसापासून मामीजी मला नावानं न बोलावता 'रावनवाली' म्हणत.

अंधार पडला. भाकरी आणि कांद्याचा झुणका खाऊन झाला. श्रावणनं बॅटरी आणि काठी घेतली. आमची वाडी दोन तुकड्यांत होती. एक तुकडा ताडपत्रीजवळ, आणि दुसरा लांब, पलीकडच्या काठाला लागून वाहणाऱ्या बारीक धारेच्या बाजूला. कोल्हे धारेवर पाणी प्यायला येतात, म्हणून तिकडं राखण जास्त. ते निघाले तेव्हा मला वाटलं, जाऊ नका म्हणावं. पण मामीजी शेजारी बसल्या होत्या.

ते गेल्यावर मामीजी माझ्याजवळ सरकल्या.

"आयक. रातच्याला नदीत कोनी नावानं हाक मारली तं ओ देऊ नोको."

"कोन हाक मारते?"

"हाकामारी. बाईच्या आवाजात येते. बरोबर नाव घेते. ओ देल्ली का मानूस तिच्या मांगं पान्यात जाते. नदीत आमी रातच्याला कोनाले नावानं बलावत नाही. घरचं मानूस असन तं जवळ येते, आंगाले हात लावते, मंग बोलते."

मला हसू आलं. बारावी झालेली मी. पण ताडपत्रीबाहेर कंदिलाचा उजेड जिथं संपत होता, तिथून पुढं काहीच नव्हतं. मी कंदिलाची वात वर केली.

झोप येणं शक्यच नव्हतं. गवतावर गोधडी टाकून मी मामीजींकडं पाठ करून पडले. वारा सुटला की ताडपत्री फडफड करायची. टिटवी ओरडली. मग कोल्हे. एकानं सुरुवात केली की चहूकडून बाकीचे उत्तर द्यायचे, आणि त्यांतला एक तरी माझ्या पायाशी बसून ओरडतोय असंच मला वाटायचं. मी पाय पोटाशी घेतले. जवळच काही तरी फट्कन वाजलं. पिकलेलं कलिंगड तडकलं होतं, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी मामीजींच्या पदराचं टोक मुठीत धरलं. त्यांना कळलं असणार. त्यांनी तो ओढून घेतला नाही.

मधेच कधी तरी माझा डोळा लागला असावा. जाग आली ती ओलीनं. कमरेखालची गोधडी भिजली होती. माझ्या मनात पहिला विचार आला तो सांगायची लाज वाटते. मला वाटलं, भीतीनं माझ्या हातून भलतंच झालं. नवी सून, पहिली रात्र, सासू शेजारी. मी श्वास रोखून तशीच पडून राहिले. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून गोधडी धुवायची, असा बेत केला. मग ओल पाठीपर्यंत आली. मी हात खाली घातला. गवताखालची वाळू गार होती, आणि बोट दाबलं की त्यातून पाणी वर येत होतं.

"मामीजी," मी हळूच म्हटलं. "वाळू वली लागते."

त्या झटक्यात उठून बसल्या. वाळूवर तळहात ठेवला, मग कान लावला.

"उठ. नदी आली."

मी बाहेर आले. नदी समोरून येते असं मला वाटायचं. ती समोरून येत नाही. काठ आणि आमची वाडी यांच्यामधे एक खोलगट, कोरडा पट्टा होता. दुपारी मी तो कोरड्या पायांनी ओलांडला होता. आता तिथून सळसळ असा आवाज येत होता, आणि कंदील वर धरला तर उजेड खाली हलत होता. पाणी आमच्या पाठीमागून आलं होतं. पलीकडं धारेजवळ असलेल्या माणसाला त्याचा पत्ताही नसणार. आधी वाट बंद होणार आणि मग धार फुगणार. हे मला मामीजींनी सांगावं लागलं नाही.

लांब श्रावणच्या बॅटरीचा ठिपका फिरत होता.

मामीजींनी हाक मारायला तोंड उघडलं. आवाजच फुटला नाही. छाती फुगली, गळ्याच्या शिरा ताणल्या, आणि नुसता खरखराट बाहेर आला. त्यांनी दोनदा, तीनदा ओरडून पाहिलं. मग माझा दंड धरला.

"तू मार."

"अवोऽऽ!" मी ओरडले. "अवोऽऽ!"

वाऱ्यात ती हाक कोल्ह्यांच्या ओरडण्यात मिसळून गेली. 'अवो' ही काय हाक झाली? तिला ना शेंडा ना बुडखा. ठिपका आपला जाग्यावरच होता.

मी धावले. दहा-बारा पावलांवर वाडीच्या चरात पाय गेला आणि वेलांत अडकून तोंडावर पडले. त्या चरातही पाणी होतं. मामीजींनी मागून येऊन मला झिंजाडून उभं केलं.

"तू गेली तं दोघंबी जासान. इथूनच मार हाक. नावानं मार."

"नावानं?"

"घे मनते नं."

मी नाव घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा, उखाण्याशिवाय. "श्रावण! श्रावऽऽण!" माझा आवाज चांगला. वडील ज्या आवाजात 'वरोरा, वरोरा' म्हणून अख्खा स्टँड हलवायचे, तोच. मलाच तो पाण्यावरून लांब जाताना ऐकू आला.

ठिपका थबकला. ऐकलं, मला वाटलं. देवा, ऐकलं.

"श्रावऽऽण! या इकडं!"

ठिपका हलला, आणि उलट्या दिशेनं निघाला. धारेकडं. आधी हळू, मग पळाल्यासारखा. मी आणखी मोठ्यानं ओरडले, तसा तो विझला.

आता समोर काहीच उरलं नव्हतं. काळोख आणि पाण्याचा आवाज, आणि तो आवाज वाढत होता. माझे पाय घोट्यापर्यंत पाण्यात होते. मला वाटलं, हा माणूस माझ्यापासून पळतोय. मी याला एवढी नकोशी झाले की मरण पत्करेल, पण माझ्या हाकेला येणार नाही. मी रडायला लागले. ओरडत होते आणि रडत होते.

मामीजी एकदम म्हणाल्या, "थांब. गप बस."

मी हाक अर्ध्यावर तोडली.

"थो तुले हाकामारी समजून रायला."

मला काही कळेना.

"अवं, बाईचा आवाज. रातची नदी. नाव घेऊन बलावते. माहा आवाज असता तं त्यानं वळखला असता. तुह्या तोंडून त्याचं नाव त्यानं कदी आयकलं?"

"नाही आयकलं." आणि मग आठवलं. "एकदाच. मांडवात."

कंदील त्यांच्या हातात होता. त्या उजेडात मामीजींनी माझ्याकडं पाहिलं. पाणी त्यांच्या लुगड्याच्या काठाला लागलं होतं.

"मंग थेच घे," त्या म्हणाल्या. "रावनाचं."

मी उभी राहिले. दात वाजत होते. आधी शब्दच सापडेनात. मामीजी माझ्या पाठीवर थापट्या मारत होत्या, लहान पोराला ठसका लागल्यावर मारतात तशा.

"दहा दहा तोंडांनी..."

"मोठ्यानं."

"दहा दहा तोंडांनी बोले लंकेचा रावण! एकच तोंड, तेही मुकं, असे माझे श्रावण!"

काही नाही. पाणी पोटऱ्यांना लागलं. वाडीतली कलिंगडं सुटून आमच्या पायांवर येऊन आदळू लागली. अंधारात काही तरी गार, गोल पायाला लागायचं आणि माझ्या तोंडून किंकाळी निघायची. मी पुन्हा म्हटलं. पुन्हा. उखाण्याचा अर्थ केव्हाच उडून गेला होता. रावण, श्रावण, रावण, श्रावण. मामीजीही ओठ हलवत होत्या. मांडवात ज्यांनी अक्षता परत ताटात टाकल्या, त्या मामीजी माझ्याबरोबर तो उखाणा म्हणत होत्या. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि आवाज मात्र येत नव्हता. मग वाऱ्यानं कंदीलही गेला.

माझा घसा फाटला. अर्धाच उखाणा निघू लागला. गुडघ्याला पाणी लागलं तेव्हा मामीजींनी माझा हात धरून मला काठाकडं ओढलं. मी हलेना. त्या एकट्यांना मला ओढवेना, आणि मला सोडूनही जाववेना. त्या वेळी मला खरंच वाटलं की आता आम्ही तिघंही संपलो. दार नसलेल्या घरात पहिलीच रात्र, आणि तीच शेवटची.

माझ्या खांद्यावर एक हात पडला.

ओला, बर्फासारखा गार. मी ओरडलेसुद्धा नाही. हात तसाच खांद्यावर होता, आणि मग मला कानाशी धापा ऐकू आल्या.

"ओ," श्रावण म्हणाले.

पुढचं मला तुकड्यांत आठवतं. त्यांनी ताडपत्रीचा एक दोर कापला आणि आम्हा तिघांच्या कमरेला बांधला. पुढं ते, मधे मामीजी, मागं मी. त्या कोरड्या पट्ट्यात आता छातीपर्यंत पाणी होतं. मधेच माझे पाय सुटले, दोर पोटात रुतला, आणि त्याच दोरानं मला पलीकडं नेलं. काठावरच्या बाभळीला धरून आम्ही वर चढलो तेव्हा मागं काही तरी फाटल्याचा मोठा आवाज झाला. वीज चमकली तेवढ्यात दिसलं. आमची ताडपत्री वाऱ्यानं फुगून पाण्यावरून चालली होती, आणि तिच्यामागं सगळी वाडी.

बाभळीखाली आम्ही कितीतरी वेळ नुसते बसून होतो. मग मामीजींनी खरखरत्या आवाजात विचारलं, "बॅटरी कायले इझवली रे?"

आता श्रावण काही बोलत नाहीत, असं मी धरून चालले होते.

"बाईच्या आवाजात नाव आलं," ते म्हणाले. "मनलं, गेलो आता. माही बायको कुठं नाव घेते? हाकामारीले उजेड दिसू नये मनून बॅटरी इझवली, अन् धारेकडं पयालो. कमरेइतक्या पान्यात गेल्तो."

"मंग?"

"मंग रावन आला."

मामीजींच्या तोंडून हवा बाहेर पडली. त्या हसत होत्या.

"हाकामारीले माहं नाव माहीत असन," श्रावण म्हणाले. "रावनाचं तिले कोन सांगन? अन् असा उखाना दुसरी कोन घेईन?" ते थांबले. एवढं बोलायची त्यांना सवय नव्हती. "मांडवातबी मले हासू आल्तं. मायच्या भेवानं खाली पायलं."

मला हुडहुडी भरली होती, आणि दात वाजत असताना रडणं जमत नाही. पण त्या काठावर, वाडी वाहून गेली होती, अंगावर कोरडा धागा नव्हता, आणि मी सासरी आल्यापासून पहिल्यांदा सुखात होते. ते सुख लपवायला अंधार होता, ते बरं झालं.

श्रावण उठले. गावाकडं जायची वाट चिखलाची होती. त्यांनी आधी आईला उठवलं, मग माझ्यापुढं हात केला.

"चाल, मंदोदरी."

मुका माणूस, आणि पहिली थट्टा करतो ती अशी. मी त्यांना रावणाच्या नावानं हाक मारली, म्हणून त्यांनी मला रावणाची बायको केलं.

"बरं हाय," मामीजी म्हणाल्या. "थे नाव नदीले माहीत नाही."

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही पुन्हा नदीत ताडपत्री बांधली. दार तेव्हाही नव्हतं. मामीजींनी स्वतः मला विचारलं, भेव लागते काय, आणि मी लागते म्हटलं, तेव्हा त्यांना बरं वाटलं. श्रावण आयुष्यभर कमीच बोलले, पण मला त्यांनी दुसऱ्या कुठल्या नावानं कधी बोलावलं नाही. पोरांच्या शाळेतसुद्धा एकदा गुरुजींसमोर मंदोदरी म्हणाले, आणि गुरुजींनी ते वहीत लिहून घेतलं.

मामीजी गेल्या. चार वर्षांमागं श्रावणही गेले. आता मी मुलाकडं राहते. स्लॅबचं घर, जाड दार, वर-खाली कड्या. मुलगा रोज त्या लावतो. मी आता उठून पाहत नाही.

रात्री मला नावानं हाक मारली तर मी ओ देत नाही, हे मुलाला ठाऊक आहे. तो जवळ येतो, खांद्याला हात लावतो आणि मग बोलतो. सून हसते. हसू दे. पण अंधारात कुणी मंदोदरी म्हणून हाक मारली, तर कोण आहे ते मी विचारणार नाही. पहिल्या हाकेला ओ देईन.